कालपर्यंत चिठ्ठीवर मिळणारं औषध आज सरळ काउंटरवर: घेण्याआधी काय काय बघायचं

“आता याला चिठ्ठी लागत नाही ना? मग घ्यायला काय हरकत आहे!” औषधांच्या काउंटरमागे काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यातला ‘मग’ कानाला टोचायला लागलाय. सगळा घोळ त्या एका शब्दात आहे. चिठ्ठीची अट उठली म्हणजे औषध सौम्य झालं, असं लोक धरून चालतात. गोळी मात्र तीच असते. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक ब्रिटनमध्ये १९८३ साली आणि अमेरिकेत १९८४ साली चिठ्ठीशिवाय मिळायला लागलं. आदल्या दिवशी ते जठराच्या अस्तराला जेवढं झोंबत होतं, तेवढंच दुसऱ्या दिवशीही झोंबत होतं.

अट उठवताना सरकारी नियामक साधारण तीन गोष्टी तपासतात. हा त्रास माणसाला स्वतःचा स्वतः ओळखता येतो का? इतक्या वर्षांच्या वापरात औषधाचे धोके पुरेसे कळलेत का? आणि वेष्टनावरचा मजकूर वाचून सामान्य माणूस ते नीट वापरू शकेल का? तिसरा प्रश्न फारसा कुणाला ठाऊक नसतो. अमेरिकेत अशा अर्जासोबत अनेकदा वेगळे अभ्यास जोडावे लागतात: लोकांच्या हातात नुसतं वेष्टन द्यायचं आणि त्यांना त्यातून काय समजलं, ते औषध आपल्यासाठी आहे की नाही हे त्यांनी बरोबर ठरवलं का, हे बघायचं. थोडक्यात, परवानगी मिळते ती औषध आणि त्यावरचा मजकूर या जोडीला. मजकूर न वाचता गोळी गिळली तर त्या परवानगीला काही अर्थ उरत नाही.

डॉक्टर चिठ्ठी लिहितात तेव्हा दोन मिनिटांत चार कामं उरकतात, आणि आपल्याला त्यातलं फक्त लिहिणं दिसतं. आजार कोणता ते ठरवणं, हे औषध या माणसाला चालेल का ते बघणं, किती आणि किती दिवस ते सांगणं, आणि गुण आला नाही तर पुढचं ठरवणं. चिठ्ठी गेली तरी ही कामं राहतातच. ती आता विकत घेणाऱ्याकडे येतात, थोडी काउंटरमागच्या फार्मासिस्टकडे. ती कशी करायची ते क्रमाने सांगतो.

पायरी १: मोठ्या अक्षरांखालचं बारीक नाव वाचा

डब्यावर ठळक असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅममध्ये मात्रा असते. आपल्या कामाचं तेच. एखादं औषध चिठ्ठीतून मोकळं झालं की त्याचं नाव घरोघरी पोचतं, आणि मग त्याच नावाला ‘प्लस’, ‘कोल्ड’, ‘नाइट’ अशी शेपटं लावून नवी वेष्टनं निघतात. नाव तेच, डब्याचा रंग जवळपास तोच, आतला माल मात्र वेगळा. उलट प्रकारही होतो. नावं तीन, आणि तिन्हींत एकच औषध.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत हे फार महागात पडतं. धडधाकट प्रौढ माणसासाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम धरतात. ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या चार वेळा घेतल्या की ती तिथेच भरली. आता त्याच दिवशी सर्दीसाठी आणखी एक गोळी घेतली आणि तिच्यातही पॅरासिटामॉल असलं, तर माणूस नकळत मर्यादेपलीकडे जातो. पॅरासिटामॉलचा जादा डोस यकृताला इजा करतो, आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. त्रास दिसायला लागेपर्यंत उपचाराची चांगली वेळ निघून गेलेली असते. म्हणून डोस जास्त झाल्याची नुसती शंका आली तरी बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही, तडक रुग्णालयात जायचं. ब्रिटनने १९९८ मध्ये पॅरासिटामॉलच्या एका पाकिटात किती गोळ्या विकायच्या यावरच मर्यादा घातली ती याच काळजीपोटी.

घरातल्या सगळ्या गोळ्या एकदा टेबलावर मांडा आणि प्रत्येकीचं बारीक नाव कागदावर उतरवा. एकच नाव दोनदा आलं की तिथे खूण करा. अर्ध्या तासाचं काम आहे. एकदा केलं की पुढच्या पायऱ्यांना हाच कागद लागतो.

पायरी २: डॉक्टरांनी दिलेलं आणि दुकानात मिळणारं, हे एकच आहे असं समजू नका

मूळ औषध तेच असलं तरी मोकळ्या विक्रीला परवानगी देताना बहुतेक वेळा मात्रा कमी करतात, दिवस कमी करतात आणि कशासाठी वापरायचं तेही आखून देतात. वजन कमी करण्यासाठीचं ऑर्लिस्टॅट चिठ्ठीवर १२० मिलिग्रॅमचं मिळतं, चिठ्ठीशिवाय ६० चं. आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रौढांना दिवसाला ३२०० मिलिग्रॅमपर्यंत दिलं जातं. स्वतःच्या मनाने घेताना मर्यादा १२०० ची.

ॲसिडिटीवरचं ओमेप्राझोल अमेरिकेत २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. तिथल्या वेष्टनावरच्या अटी बघा. आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस छातीत जळजळ होत असेल तरच, दिवसाला एक गोळी, १४ दिवस. पुन्हा १४ दिवसांचा कोर्स करायचा तर मध्ये चार महिने गेले पाहिजेत. तेच ओमेप्राझोल डॉक्टर अल्सरवरही देतात आणि महिनोन्‌महिने देतात. पण तेव्हा ‘हे किती दिवस चालू ठेवायचं’ हा प्रश्न कुणाच्या तरी डोक्यात असतो.

लोक इथे दोन चुका करतात. “डॉक्टरांनी मला जास्त पॉवरची दिली होती” म्हणत दुकानातल्या कमी मात्रेच्या दोन-तीन गोळ्या एकदम घेतात. किंवा डॉक्टरांची फी वाचवायला जुनी चिठ्ठीवरची गोळी बंद करून काउंटरवरची सुरू करतात. पहिल्या चुकीत मात्रा आपल्या हिशोबाने वाढते. दुसरीत वर्षानुवर्षांचा आजार कुणीच न बघता चालू राहतो, आणि मला विचाराल तर जास्त वाईट ही दुसरीच. तुमचं औषध मोकळं झालंय असं कळलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: “मी हे दुकानातून घेतलं तर चालेल का? किती आणि कुठवर?”

पायरी ३: त्रास तोच आहे ना, याची खात्री करा

सगळ्यात अवघड पायरी ही. ज्या आजाराचं निदान माणसाला स्वतः करता येतं त्याच आजारांची औषधं मोकळी होतात, असं म्हणतात खरं. पण हे ‘करता येतं’ किती डळमळीत आहे बघा. कोलेस्टेरॉल कमी करणारं लोव्हास्टॅटिन चिठ्ठीशिवाय विकायचा प्रस्ताव अमेरिकेत एकाहून जास्त वेळा फेटाळला गेला. एक मोठी अडचण अशी होती की हे औषध आपण घ्यावं की घेऊ नये, हे बऱ्याच लोकांना नीट ठरवता येत नव्हतं. त्याच जातीचं सिम्वास्टॅटिन मात्र १० मिलिग्रॅमच्या मात्रेत ब्रिटनने २००४ मध्ये फार्मासिस्टकडून मिळू दिलं. जाणकारांमध्येच इतका मतभेद आहे, तर घरी बसून आपण किती खात्रीने बोलायचं?

मी एक साधा नियम सांगतो: पहिल्यांदा डॉक्टर, पुन्हा तसंच झालं तर दुकान. योनीमार्गातल्या बुरशीवरच्या क्लोट्रिमाझोलचं उदाहरण घ्या. हा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, अशी सूचना असते. पूर्वी निदान झालेलं असेल आणि लक्षणं हुबेहूब तीच असतील, तर औषध घ्यायला हरकत नाही. खाज आणि स्राव इतर संसर्गांतही असतो, आणि त्यांवर हे औषध काही करत नाही. त्वचेवरच्या स्टिरॉइड मलमांची गंमत आणखी वेगळी (गंमत म्हणायचं ते सवयीने). गजकर्णावर असं मलम लावलं की लाली आणि खाज कमी होते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी आरामात पसरत राहते. पुढे तिचं रूप इतकं बदलतं की त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर काउंटरवर वेळ घालवू नका:

- छातीतली जळजळ हात, जबडा किंवा पाठीकडे सरकतेय, सोबत घाम आणि धाप. ही हृदयाची तक्रार असू शकते, रुग्णवाहिका बोलवा.
- आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, एकाएकी उठलेली भयंकर डोकेदुखी.
- काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन घटणं.
- तापासोबत मान आखडणं, गुंगी, किंवा काचेचा पेला दाबला तरी न मावळणारं पुरळ.

ॲसिडिटीच्या गोळीने पोटातल्या जखमेचा किंवा गाठीचा त्रासही काही दिवस दबतो. म्हणून ‘गोळीने बरं वाटलं, म्हणजे ॲसिडिटीच होती’ हा तर्क खरा धरू नका.

पायरी ४: बाकीच्या गोळ्यांशी जमतं का ते बघा

पहिल्या पायरीत केलेला कागद आता काढा. नव्या औषधाच्या वेष्टनावरचा ‘हे घेत असल्यास डॉक्टरांना विचारा’ हा भाग त्या कागदाशी ताडून बघा. काही जोड्या मात्र पाठच असाव्यात.

आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामकांनी सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण त्यांना कुणी औषध म्हणून मोजतच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्यांच्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम त्यांच्यामुळे कमी होतो. रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त करवणारी गोळी आणि वर हे वेदनाशामक, अशी तिघांची गाठ पडली तर मूत्रपिंडावर एकाच वेळी तीन बाजूंनी ताण येतो. त्यात जुलाब-उलट्या किंवा उन्हाने शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर फारच वाईट. आणि हृदयासाठी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्यांसाठी: आयबुप्रोफेन आधी पोचलं तर ॲस्पिरिनची जागा अडवतं. म्हणून साधी, म्हणजे सावकाश विरघळणारं आवरण नसलेली ॲस्पिरिन घेतल्यावर किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन घ्यावं, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तास आधी. रोजच लागत असेल तर दुसरं वेदनाशामक डॉक्टरांना विचारा.

पुरुषांच्या लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीवरचं सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम ब्रिटनमध्ये २०१८ पासून फार्मासिस्ट चिठ्ठीशिवाय देतात, पण प्रश्न विचारून. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या जो घेतो त्याला ते देतच नाहीत, कारण दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. संकोचाने इथे खोटं उत्तर देणारे असतात. फार्मासिस्टला तुमच्या खाजगी आयुष्यात रस नसतो, एवढं माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या पिढीतल्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन गाडी चालवू नये. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी त्यांनी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांतला दाब वाढू शकतो. ऑर्लिस्टॅट आणि थायरॉइडची गोळी यांत किमान चार तासांचं अंतर ठेवा. वनस्पतीजन्य गोळ्याही कागदावर लिहा: सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात.

पायरी ५: कुणासाठी घेताय?

डब्यावरचा डोस बहुधा निरोगी प्रौढासाठी असतो. मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. मुलांचं औषध वजन-वयाप्रमाणे आणि त्याच बाटलीसोबत आलेल्या मापाने द्या, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. ॲस्पिरिन मुलांना देऊच नये. विषाणूजन्य तापात तिच्यामुळे राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण घातक आजार होऊ शकतो, म्हणून ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालच्यांना ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देत नाहीत. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेनच्या जातीची वेदनाशामकं बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. अंगावर पाजणाऱ्या आईने, आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने, आधी विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

पायरी ६: पहिल्या गोळीआधी बंद करायची तारीख लिहा

पेन घ्या आणि डब्यावरच तारीख टाका. हसू येईल, पण मला माहीत असलेला हा सगळ्यात उपयोगी उपाय आहे. कारण औषध सुरू करताना माणूस सावध असतो आणि बरं वाटायला लागलं की विसरतो.

तारीख कशी काढायची ते वेष्टन सांगतं. अमेरिकेतल्या वेष्टनांवर आयबुप्रोफेन दुखण्यासाठी १० दिवस आणि तापासाठी ३ दिवस असं दिलेलं असतं. डायक्लोफेनॅकचं सांधेदुखीवरचं जेल, जे तिथे २०२० मध्ये मोकळं झालं, २१ दिवस. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे फवारे ३ दिवस, आणि इथे अजिबात सवलत घेऊ नका. जास्त दिवस वापरले की फवारा उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून माणूस पुन्हा मारतो, आणि सर्दी केव्हाच गेलेली असूनही महिनोन्‌महिने खिशात फवारा घेऊन फिरतो. डोकेदुखीचंही तसंच आहे. साधं वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस असं काही महिने घेतलं की ते औषधच डोकेदुखीचं कारण होऊ शकतं.

तारखेसोबत गुण कधी येईल तेही बघून ठेवा. ओमेप्राझोलचा पूर्ण परिणाम व्हायला १ ते ४ दिवस लागतात, डायक्लोफेनॅक जेलला आठवडाभरसुद्धा. हे माहीत नसलं की लोक दुसऱ्याच दिवशी औषध टाकून देतात, नाहीतर दुप्पट घेतात. लिहिलेल्या तारखेला त्रास शिल्लक असेल तर दुसरा डबा आणायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं.

पायरी ७: काउंटरवर नुसतं नाव सांगू नका

“अमुक द्या” म्हटलं की अमुक मिळतं. त्याऐवजी चार वाक्यं बोला: कुणासाठी, वय किती, काय होतंय आणि कधीपासून, आधी काय घेऊन पाहिलं, रोजची औषधं आणि ॲलर्जी कोणती. ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत काही औषधं चिठ्ठीशिवाय मिळतात पण फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच, ती यासाठीच. तिथेही लोक घाईत प्रत्येक प्रश्नाला ‘नाही, नाही’ करत पैसे पुढे सरकवतात. गर्दी असेल तर बाजूला बोलावून विचारा. कुठलाही चांगला फार्मासिस्ट त्याला नाही म्हणणार नाही. आणि म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.

डॉक्टर, दंतवैद्य किंवा शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ “काही औषधं घेता का?” विचारतात तेव्हा दुकानातून घेतलेलीही सांगा. ‘नाही हो, काही नाही’ म्हणणाऱ्याच्या खिशात आयबुप्रोफेनची स्ट्रिप मी पाहिली आहे.

काही औषधं मात्र गरज पडायच्या आधीच वाचून ठेवायची असतात

वरचा सगळा सूर ‘थांबा, बघा’ असा आहे. पण काही औषधं मोकळी झाली ती उशीर होऊ नये म्हणून. तातडीच्या गर्भनिरोधनाची लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी चांगली. अपस्माराची किंवा क्षयाची काही औषधं चालू असतील तर तिचा परिणाम कमी होतो, म्हणून तेवढं विचारून घ्या. अफूजन्य औषधांचा अतिरेक झालेल्याचा श्वास परत आणणारा नॅलॉक्सोनचा नाकातला फवारा अमेरिकेत २०२३ मध्ये चिठ्ठीतून सुटला. तो मारल्यावर माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णवाहिका बोलवावीच लागते, कारण फवाऱ्याचा असर अफूच्या आधी उतरू शकतो. अशा औषधाचं घडी घातलेलं माहितीपत्रक प्रसंग आल्यावर उलगडायचं नसतं.

पायरी ८: दर खेपेला मजकूर पुन्हा वाचा

औषधांची वाट दोन्ही दिशांनी चालते. ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीन हे अफूजन्य वेदनाशामक असलेली सगळी औषधं पुन्हा चिठ्ठीवर नेली. ब्रिटनमध्ये हृदयावरच्या धोक्यामुळे मळमळ-उलटीवरचं डोम्पेरिडोन २०१४ मध्ये आणि डायक्लोफेनॅकच्या गोळ्या २०१५ मध्ये परत चिठ्ठीवर गेल्या. तेव्हा ‘वर्षानुवर्षं घेतोय’ हे काही कारण होत नाही. नवा डबा आणला की इशाऱ्यांचा भाग वाचा, जुना डबा शेजारी ठेवून फरक बघा, आणि जुन्यातल्या उरलेल्या गोळ्या नव्या डब्यात ओतू नका. प्रवासात दुसऱ्या देशात सहज मिळालेलं औषध आपल्याकडेही तसंच मोकळं असेल असंही धरू नका.

घेतल्यावर अंगावर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले, श्वास अडला, तर औषध बंद आणि तडक रुग्णालय, डबा सोबत घेऊन. त्रास किरकोळ असेल तरी फार्मासिस्टला सांगा आणि आपल्या देशाच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीकडे कळवायला लावा. बऱ्याच देशांत ही नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते. त्यासाठी डब्यावरचा बॅच नंबर लागतो, म्हणून कोर्स संपेपर्यंत डबा फेकू नका.